मेंढखडकावरची भरती

१

डोहवाडीच्या चावडीवर सरकारी रेडिओ आला, तेव्हा तो कोणी लावायचा यावर गावात वाद झाला नाही. रामहरीचे नाव निघाले आणि तिथेच ठरले. रामहरी मराठी फायनल पास होता, पण ते कारण नव्हते. बांधाच्या एका भांडणात त्याने सख्ख्या चुलत्याविरुद्ध साक्ष दिली होती, कारण बांध चुलत्यानेच सरकवला होता. तेव्हापासून गाव त्याच्या शब्दावर विसंबून असे. दूरचे बोलणे ज्याच्या हातून गावात यायचे तो माणूस खरा असावा, एवढाच गावाचा विचार होता.

रोजचा क्रम ठरलेला होता. दिवेलागणीला रामहरी मारुतीपुढे दिवा लावी, पाय धुऊन चावडीवर येई, आईने शिवलेले खणाचे पांघरूण पेटीवरून काढून त्याची घडी करी आणि बटण फिरवी. पेटी तापायला थोडा वेळ लागे. मग आधी बाजारभाव, मग शेतीच्या गोष्टी, मग एखादे भजन. भजन संपले की लोक धोतरे झटकून उठत. शेवटी हवामान सांगत. ते ऐकायला कोणी थांबत नसे. मार्गशीर्षात इंदापूरकडे हवामान म्हणून सांगण्यासारखे काही नसतेच. आकाश निरभ्र, हवा कोरडी, पाऊस संभवत नाही. तरी रामहरी शेवटपर्यंत बसे. बोलणाऱ्याचे बोलणे मध्येच तोडू नये, ही त्याला लहानपणापासूनची शिकवण होती. आणि पेटीतला झाला तरी तो बोलणाराच.

त्या संध्याकाळीही पाऊस संभवत नाही हे सांगून झाले. रामहरीने बटणाकडे हात नेला. तेव्हा त्याच आवाजाने श्वास घेतला आणि त्याच सुरात पुढे सांगितले :

"मेंढखडक. वारा नैर्ऋत्येचा, जोराचा. लाटा पुरुषभर उंच. खडकाच्या पश्चिम अंगावर फुटतील. परवा दुपारी भरती. लहान होड्यांनी बाहेर पडू नये."

मग नेहमीप्रमाणे निरोप घेऊन आवाज थांबला.

मेंढखडक डोहवाडीच्या शिवारातला. गावाच्या पश्चिमेला, ऐन जोंधळ्याच्या रानात तो काळा खडक पाठ काढून बसलेला आहे. धनगर त्यावर दुपारची मेंढरे बसवतात, म्हणून त्याला हे नाव. भीमा तिथून उलट्या अंगाला, गावाच्याही पलीकडे. म्हाताऱ्यांच्या आठवणीतला सगळ्यात मोठा पूर आला, तेव्हा गाव पळून याच खडकावर जाऊन बसले होते. त्याच्या पायथ्यालाही पाणी लागले नव्हते.

२

रामहरीने शांतपणे विचार केला. कोकणाला समुद्र आहे. समुद्रात खडक आहेत. मेंढरासारखा दिसणारा एखादा खडक तिथेही असेल आणि तिथल्या लोकांनी त्याला हेच नाव दिले असेल. नावे काय, फिरून फिरून तीच येतात. एवढ्यावर त्याचे समाधान झाले, आणि झालेले समाधान मोडू नये म्हणून त्याने ही गोष्ट घरी काढली नाही.

घरी आई होती, प्रयागबाई, आणि धाकटा भाऊ सोपान. वडील गेले तेव्हा सोपान रांगत होता. त्याला रामहरीनेच वाढवले. आता तो अंगापिंडाने भरलेला तरुण होता, पण गेली दोन वर्षे त्याने मान वर करून जेवण केले नव्हते. वालचंदनगरला तो कामासाठी जाऊन आला, दारातून परत फिरला. माळेगावला नवा कारखाना उभा राहिला तेव्हा तिकडेही गेला. रांग त्याच्यापर्यंत आली आणि माणसे पुरी झाली. तेव्हापासून घरातला मुलगा घरात पाहुण्यासारखा वावरत होता. भाकरी मागून घेत नसे. वाढली तेवढी खाई आणि उठे. आईच्या जिवाला हे फार लागले होते. रामहरी रोज देवापुढे हात जोडी, तेव्हा आपल्यासाठी काही मागत नसे. याला कुठेतरी लाव, एवढेच म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी झाडणारी दगडाबाई कपाळाला आठी घालून दारात उभी राहिली.

"रामहरीदादा, पेटीवर पाणी वततासा काय?"

"पेटीवर कशाला वतीन, बाई?"

"मग वल कुठली ती? पेटीखालची समदी जमीन भिजलीया. माजं सारवण पार निघालं. मी काय रोज शेणाचा हात फिरवायला बसू?"

"मांजरानं मडकं लवंडलं असंल."

"मडकं काठोकाठ भरल्यालं हाय. मांजरानं लवंडलं आन परत भरून ठिवलं म्हणा की."

रामहरी जाऊन पाहून आला. जमीन ओली होती. त्याने बोट टेकवले, तर बोटाला बारीक वाळू लागली. खणाचे पांघरूण खळ दिल्यासारखे ताठ झाले होते आणि त्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. दगडाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. रामहरी म्हणाला, बघतो. याहून जास्त त्याला सांगता आले नाही, कारण याहून जास्त त्याला कळलेच नव्हते.

३

त्या संध्याकाळी उसाबद्दल काही सांगायचे होते, म्हणून चावडी भरली होती. भजन संपले तरी लोक बोलत बसले आणि बोलता बोलता हवामान सुरू झाले. पाऊस संभवत नाही. आवाजाने श्वास घेतला. तो श्वास आज लांब होता, आणि त्यात वाळूवरून काही ओढत न्यावे तशी खरखर होती.

"मेंढखडक," आवाज म्हणाला, आणि चावडी एकदम गप्प झाली. आपल्या शिवाराचे नाव पेटीतून ऐकणे ही लहान गोष्ट नव्हती. बाकीचे कालचेच होते, फक्त परवाचे उद्या झाले होते.

रामहरीने पेटी बंद केली. पहिल्यांदा बोलले ते सर्जेराव पाटील. गावात त्यांना सगळे आबा म्हणत आणि त्यांच्या थट्टेला भीत.

"भरती म्हणाला का रं तो?"

"व्हय आबा. उद्या दुपारी," झुंबर म्हणाला. हा सोपानच्या बरोबरीचा, आणि माळेगावच्या रांगेत त्याच्या मागे उभा राहिलेला.

"मेंढखडकावर कसली भरती? मेंढरांची?"

लोक हसले. झुंबर हसला नाही. "आबा, दिवाळीच्या आदी दोघं टोपीवालं खडकापाशी साखळी टाकून मोजत व्हतं का न्हाय? दगडांवर चुना मारून गेलं. तवा तुमीच म्हणला, कायतरी येतंय हितं."

"म्हणलो आसंन."

"मग आला की कारखाना. पुरुषभर लाटा म्हणाला, ऐकलं न्हवं? पुरुषभर लाट म्हंजी केवढा चरक झाला, हिशेब करा."

उसाच्या चरकात ज्या फिरतात त्यांना इकडे लाटाच म्हणतात. दुसरी लाट डोहवाडीत कोणी पाहिली नव्हती. भरतीही त्यांना एकच ठाऊक होती : कारखान्याच्या नाही तर पलटणीच्या दारात माणसे घेतात ती.

"आन ल्हान पोरांनी येऊ नये म्हणाला," मागून कोणी बोलले.

"बराबर हाय. मिसरूड फुटल्याबिगर कोण घेतंय."

रामहरीने हात वर केला. "पोरांनी न्हाय. होड्यांनी म्हणाला. ल्हान होड्यांनी."

"होड्या? जोंधळ्यात?" आबा म्हणाले.

"आबा, समुद्राचं पाणी चढतं, त्यालाबी भरती म्हणत्यात. पुस्तकात हाय."

"आसंल बाबा. मग उद्या समुद्र येणार म्हणतोस मेंढखडकावर? आदी सांगायचं. गाडी जुपून सामोरा गेलो असतो."

आता चावडी पोट धरून हसली आणि रामहरीही हसला, कारण आपणच बोललेले वाक्य त्याच्या कानाला वेडगळ वाटले. खांबाला टेकून बसलेला सोपान मात्र हसला नाही. तो पेटीकडे पाहत होता, आणि त्याची मान वर होती.

४

जेवताना सोपानने भाकरी मागून घेतली. प्रयागबाईंनी ती वाढली आणि डोळ्यांना पदर लावला.

"दादा, एक इचारू?"

"इचार."

"तुमी पेटीच्या जवळ व्हता. मेंढखडक म्हणाला?"

"म्हणाला."

"भरती म्हणाला?"

"म्हणाला. पर सोपान, ती भरती येगळी असंल. पाण्याची."

सोपानने हातातला घास ताटात ठेवला. तो उद्धट मुलगा नव्हता. भावाचे बोलणे त्याने खरोखर तोलून पाहिले. "दादा, पाण्याची भरती असंल तर पाणी कुठाय? आन मेंढखडकाला पाणी न्हाय, हे तर तुमीबी जाणता. मग जी भरती व्हायची ती माणसांचीच व्हनार की."

या बोलण्यात चूक कुठे आहे हे रामहरीला सापडेना. त्याने दोनतीनदा ते मनात फिरवले. प्रत्येक वेळी ते सरळ आणि घट्ट निघाले.

"जाऊ दे की त्याला," प्रयागबाई म्हणाल्या. "खडक काय परमुलखात हाय? न्हाई कोण आलं, तर येईल माघारी."

रामहरी गप्प बसला. त्याने सांगितलेला प्रत्येक शब्द खरा होता. त्या शब्दांतून जे उभे राहिले ते खरे की खोटे हे त्याला ठरवता आले नाही, आणि जे ठरवता येत नाही त्यावर माणसाने बोलू नये, असे त्याला वाटले. ते मौन सज्जनाचे होते. पण ते मौनच होते, आणि घराने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

५

सकाळी सोपानने डोक्याला तेल लावले, धुतलेला पांढरा सदरा घातला, देवाच्या, आईच्या आणि भावाच्या पाया पडला.

"उगा बसून राहू नगो," रामहरी म्हणाला. "कोण न्हाय असं दिसलं की ये."

"येतो की, दादा."

तो गेला. त्याच्या मागोमाग झुंबर आणि आणखी दहापंधरा जण पाणंदीने गेले. काही जण नुसते गंमत बघायला. रामहरी मळ्यात जाऊन मोट जुंपून बसला.

काम हाताला असले की मन ताळ्यावर राहते. पण त्या दिवशी चाकाच्या कुरकुरण्याखाली दुसरा एक आवाज होता. सुपात जोंधळा पाखडावा, थांबावे आणि पुन्हा पाखडावा, तसा. रामहरीने बैल थांबवले. चाक थांबले. आवाज थांबला नाही. तो पश्चिमेकडून येत होता, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा. रानातला वारा असेल, असे त्याने ठरवले आणि बांधावरच्या बाभळीकडे पाहिले. बाभळीचे पान हलत नव्हते.

दुपार व्हायला आली तेव्हा प्रयागबाई भाकरीचे गाठोडे घेऊन विहिरीवर आल्या.

"सोपान बिनखाता गेलाय रं. एवढं दिऊन ये त्याला. साहेबापुढं भुकेलं तोंड नको."

रामहरीने बैल सोडले. खरे तर आईने सांगण्याचीच तो वाट पाहत होता.

६

पाणंदीच्या दोन्ही बाजूंना जोंधळा हुरड्याला आला होता आणि माणसाच्या डोक्यावर गेला होता. आत हवा कोंडलेली होती. रामहरी शेवटच्या बांधावर चढला, तेव्हा खडक समोर दिसला आणि त्याला हायसे वाटले. माणसे तिथेच होती. ओळीने बसली होती, पश्चिमेकडे तोंड करून. सोपानचा पांढरा सदरा कडेला दिसत होता. दुसरे कोणी नव्हते. साहेब नव्हता, टेबल नव्हते. आता सगळ्यांना घेऊन परत जायचे आणि संध्याकाळी आबांची थट्टा ऐकून घ्यायची, एवढेच उरले होते.

त्याने हाक मारली. ती त्याची त्यालाच नीट ऐकू आली नाही. कानांत दडे बसले होते. विहिरीत खोल बुडी मारल्यावर बसतात तसे.

तेवढ्यात पलीकडचा जोंधळा एका रेषेत वाकला. वारा सुटला की पीक वाकते, यात नवल नाही. पण वाऱ्याने वाकलेले पीक पुन्हा उठते. हे उठत नव्हते. ती रेषा खडकाकडे येत होती आणि तिच्या मागे सगळे रान आडवे होत होते. रामहरीच्या तोंडावर झुळूक नव्हती.

खडकावरची माणसे उभी राहिली. त्यांना कोणी उठा म्हणाले नव्हते. त्यांनी आपापली गाठोडी, पागोटी, वहाणा एका हाताने डोक्यावर धरल्या. उथळ उतारातून चालत भीमा ओलांडताना धरतात तशा. मग एकेकाने हनुवटी वर केली. माना ताणल्या, तोंडे आभाळाकडे झाली. पाणी ओठाला लागले की न पोहणारा माणूस असा उभा राहतो. रामहरीने हे नदीवर पाहिले होते. इथे त्यांच्याभोवती दुपारचे कोरडे ऊन होते.

सोपानने मागे वळून पाहिले. त्याला भाऊ दिसला. त्याने हात वर केला. तो हात थांबा म्हणत होता की या म्हणत होता, हे रामहरीला कळले नाही.

मग ऊन डोळ्यांवर चमकले आणि पापणी मिटली. ती उघडली तेव्हा जोंधळा सरळ उभा होता. माणसे खडकावर बसून डोळे चोळत होती. पांढरा सदरा त्यांच्यात नव्हता.

७

"घेतलं त्याला," झुंबर म्हणाला. त्याच्या आवाजात असूया होती, आणि रामहरीला त्या आवाजानेच अधिक भीती वाटली.

"कुणी घेतलं?"

"कुणी म्हंजी? आलं व्हतं की."

"कोण आलं व्हतं, झुंबर? तू बघितलंस?"

झुंबरने इतरांकडे पाहिले. इतरांनी त्याच्याकडे पाहिले. "डोळं लई चुरचुरत व्हतं, दादा. नीट दिसलं न्हाय. पर हात मी बघितला. वरनं खाली आला. सोपानच्या दंडाला धरलं आन वर घेतलं."

"वर कुठं?"

"आता वर म्हंजी वर. आमी ऱ्हायलो खाली."

"त्याचं नशीब थोर," दुसरा म्हणाला. "आमच्याकडं ढुंकून न्हाय बघितलं."

रामहरी खडकाभोवती दोनदा फिरला. वाकून जोंधळ्यात पाहिले. कुठे कणसाचे ताट मोडलेले नव्हते. माणसांची धोतरे कोरडी होती. झुंबरच्या काळ्या दंडांवर मात्र पांढऱ्या रेघा सुकल्या होत्या. घामाच्या असतील. घाम सुकला की मीठ उमटतेच. रामहरीने हे कारण मनाशी धरले, आणि ते धरत असताना ते आपल्याला पुरत नाही हेही त्याला कळत होते.

तो घरी पोचण्याआधीच बातमी पोचली होती. प्रयागबाई उंबऱ्यात बसून आल्यागेल्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवत होत्या. दोन वर्षांत त्यांचा चेहरा असा कोणी पाहिला नव्हता.

"वरच्या कामावर घेतला म्हणं माज्या लेकाला. व्हय रं? काय काम हाय?"

"मला ठावं न्हाय, आई."

"तू व्हतास की तितं."

"व्हतो. पर मला समजलं न्हाय काय झालं ते."

"मोठ्या कामाचं समजत न्हाईच एकदम," त्या म्हणाल्या आणि त्याच्याही हातावर गूळ ठेवला. "कवा येनार म्हणाला?"

आयुष्यात पहिल्यांदा रामहरीला खोटे बोलावेसे वाटले. शब्द तोंडापर्यंत आला : येईल दोन दिसांनी. त्याने तो गिळला. गूळ खाल्ला नाही. देवापुढे नेऊन ठेवला.

८

त्या संध्याकाळी चावडीत मुंगीला वाट नव्हती. ज्यांना काल हसू आले होते ते आज पुढे बसले होते. सर्जेराव आपल्या पुतण्याला घेऊन आले होते.

"रामहरी, आवाज जरा मोठा ठिव. आज नीट ऐकू दे समद्यांना. पोरगं दोन वरीस बसून हाय."

"आबा, मी लावतो. पर उद्या भरती म्हणाला तरी कुणी जाऊ नये. मी हात जोडतो."

"का रं? तुज्या घरात एक लागला, आता दुसऱ्याचा नगं?"

रामहरीने पांघरूण काढून त्याची घडी केली. हे ऐकून घेणे त्याच्या वाट्याचे होते. काय पाहिले ते सांगावे, तर जे त्याने पाहिले होते त्याला त्याच्याजवळ नाव नव्हते. नाव नसलेली गोष्ट साक्षीत सांगता येत नाही. त्याने बटण फिरवले.

बाजारभाव झाले. भजन झाले. पाऊस संभवत नव्हता. मग तो श्वास आला.

"मेंढखडक. वारा पडलेला. पाणी स्थिर आणि निवळ. लहान होड्यांना हरकत नाही."

एवढेच सांगून आवाजाने निरोप घेतला.

"भरती न्हाय म्हणाला," पुतण्या म्हणाला.

"न्हाय तर न्हाय. संपली असंल," आबा म्हणाले आणि उठले. लोक हळूहळू पांगले. रामहरी पेटीसमोर बसून राहिला. तो एका शब्दाची वाट पाहत होता. भरती सांगणाऱ्याने ओहोटीही सांगायला हवी. चढलेले पाणी उतरले असेल, तर उतरले असे कोणीतरी म्हणायला हवे. पेटी तापून राहिली, तिच्यातून नुसती खरखर येत राहिली, आणि तो शब्द आला नाही.

९

"त्याला म्हणावं, एकदा आईला तोंड दावून जा," प्रयागबाईंनी सांगितले आणि गाठोडे बांधून दिले. त्यात भाकरी होती, आणि कालचा गूळ.

"सापडला तर घिऊनच येतो," रामहरी म्हणाला. हे त्याने खरे म्हणून सांगितले. जाण्यापूर्वी त्याने मारुतीचे दर्शन घेतले. आज त्याने काहीच मागितले नाही. काय मागावे हे त्याला उमगले नाही.

पाणंदीत पाखरू नव्हते. हुरड्याच्या दिवसांत जोंधळ्यात पाखरू नाही असे होत नाही. गोफण घेऊन माणूस बसवावा लागतो. आज राखणीच्या माळ्यावर गोफणवालाही नव्हता. रामहरी बांध उतरून खडकावर चढला आणि मधोमध उभा राहिला. दुपार झाली होती. वारा पडलेला होता. सगळे स्थिर होते.

खडकावर पडलेले ऊन हलत होते.

आधी त्याला भोवळ आल्यासारखे वाटले. त्याने डोळे चोळून पुन्हा पाहिले. काळ्या दगडावर उजेडाची बारीक जाळी पसरली होती, आणि ती सावकाश ताणली जात होती, सैल होत होती, पुन्हा ताणली जात होती. असे ऊन त्याने आधी पाहिले होते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी निवळते, तेव्हा काठावरून वाकून पाहिले की ते दिसते. पण ते तळाशी दिसते.

रामहरी कुठे उभा आहे, हा विचार त्याच्या मनाच्या दारापर्यंत आला. त्याने तो आत घेतला नाही.

तेव्हा पूर्वेकडून सावली आली. आभाळात ढग नव्हता, घार नव्हती. सावली लांबट होती, दोन्ही टोकांना निमुळती, आणि जोंधळ्याच्या कणसांवरून ती इतक्या अलगद सरकत होती की एक कणीस हलले नाही. तिच्या कडेने एक काठी बाहेर येई, मागे जाई, पुन्हा बाहेर येई. काठी टेकली की उन्हाच्या जाळीत एक गोल उठे आणि रुंद होत विरून जाई. सावलीत माणसे बसलेली होती. कितीतरी माणसे, गप्प, परगावी निघाल्यासारखी. पुढच्या टोकाला एकजण होता. त्याची मान वर होती.

सावली खडकावर चढली. रामहरीच्या पायांवर आली. गार वाटले. वर पाहण्याचा धीर त्याला झाला नाही. तो खालीच पाहत राहिला, दगडावर. पुढच्या टोकाची ती सावली कडेला सरकली, काठावर हात टेकून वाकली आणि खाली पाहू लागली. मारुतीच्या पारालगतच्या विहिरीत वाकणाऱ्या लहान सोपानला त्याने कितीदा दंडाला धरून मागे ओढले होते. ते वाकणे तो कुठेही ओळखला असता.

आता एक हाक पुरे होती. घरी आई वाट पाहत होती आणि रामहरीने शब्द दिला होता.

तेव्हा त्याच्या लक्षात आले की पाणंद सोडल्यापासून त्याने श्वास घेतलेला नाही. ओठ घट्ट मिटलेले होते. छातीत ठोके पडत होते, आणि सगळे अंग एकच गोष्ट सांगत होते : तोंड उघडू नको. भोवती कोरडे ऊन होते. जोंधळा होता, बांध होता, गाव होते. त्याची बुद्धी त्याला सांगत होती की इथे पाणी नाही. परवा सोपाननेही हेच सांगितले होते, आणि त्यात चूक सापडली नव्हती.

सावली पायांवरून पुढे सरकू लागली. वाकलेले डोके अजून खाली पाहत होते, पण ज्याला तळ दिसत नाही त्याच्यासारखे, इकडून तिकडे शोधत.

मिटल्या तोंडाने हाक मारता येत नाही. रामहरीने मनातल्या मनात देवाचे नाव घेतले, मान वर केली आणि तोंड उघडले.